ऐकून शिजवलेली बरबटी

आमची शेजारीण उसळ चाखत नसे, ऐकत असे. मडक्याजवळ मान कलती करून बसायची. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या आवडीची बरबटीची, म्हणजे चवळीची, उसळ करायचं काम माझ्याकडे होतं. नैवेद्याआधी चाखायची सोय नव्हती, आणि कावळा शिवला नाही तर बोल नव्या सुनेला, म्हणजे मला. म्हणून मी शेजारणीला बोलावलं. तिनं मडक्यात पळी फिरवली.

"दाणे अजून टणटण वाजून राह्यले. वाढू नको."

"पानं मांडली ना वं!" सासू ओरडली.

"राहू दे मांडलेली. मेलेल्याले कायची घाई?"

सगळे ताटकळले. आवाज मऊ झाल्यावरच तिनं मीठ घालून फोडणी दिली.

कावळ्यानं वडा सोडून आधी उसळ उचलली. आम्ही बघतच राहिलो. शेजारीण तोवर आपल्या अंगणात भांडी घासत बसली होती.