मागच्या डाव्या चाकावरचा आवाज

तुमच्या मासिकातलं हे अतर्क्य अनुभवांचं सदर मी दर महिन्याला वाचते, आणि खरं सांगायचं तर आजवर हसण्यावारी नेत आले. मी पेशानं डॉक्टर. धुळ्यात बायकांचा दवाखाना चालवते. भुताखेताच्या गोष्टी, अंगात येणं, लागीर — या सगळ्यापायी उशिरा आणलेल्या बायका माझ्या टेबलावर किती आल्या असतील, तेव्हा माझा या विषयावरचा राग तुम्ही समजू शकाल. तरीही हे लिहिते आहे. कारण यातला निम्मा भाग मी एकटीनं नाही, चार शहाण्या माणसांबरोबर ऐकला आहे. आणि उरलेला निम्मा... तो तुम्हीच वाचा.

ही लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. आसपासच्या गावांतून अडलेल्या बाळंतिणींचे निरोप यायचे आणि टांग्यानं पोचेपर्यंत फार उशीर व्हायचा, म्हणून मी एक जुनी गाडी घेतली. कापडी हुडाची, चार माणसांची. जळगावच्या एका वकिलांनी नवी घेतल्यामुळे त्यांची ही विकायला काढली होती. ती चालवायला धुडकूभाऊ मिळाले. मूळचे असोद्याचे, पन्नाशीचे, गाडीचा खिळान्‌खिळा माहीत असलेले, आणि बोलायला अगदी मोजके.

आवाज पहिल्यांदा ऐकला तो पारोळ्याच्या रस्त्यावर, फागण्याच्या पुढे. मागच्या डाव्या चाकावरून. करर्र... आणि मग बारीक कुईं. बाजेवर कुणी कूस बदलावी, तसा.

“पाटे सुकनात,” धुडकूभाऊ म्हणाले. पाटे म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. एकावर एक बांधलेल्या असतात, त्यांच्यात गंज धरला की घासतात. भाऊंनी गाडी जॅकवर चढवली, पट्ट्यांच्या फटीतून तेल सोडलं, ग्रीस भरलं. दुसऱ्या दिवशी आवाज तसाच.

मग आम्ही रीतसर शोध सुरू केला. मला गाडी चालवता यायची. मी चालवायची आणि धुडकूभाऊ पायरीवर उभे राहून, मागच्या मडगार्डला कान लावून ऐकायचे. आवाज डाव्या पाट्यातूनच येतो, यात शंका नव्हती. पण गाडी उभी करून दोघांनी मिळून ती कितीही हलवली, दाबली, तरी हूं की चूं नाही. बोल्ट आवळले, पाट्याच्या टोकाचा बुश बदलला, पट्ट्यांच्या मध्ये चामड्याचे तुकडे घातले. काही उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. माझी नर्स गंगूबाई सोबत असली आणि मागे डाव्या कोपऱ्यात बसली, की आवाज बंद. ती उतरली की पुन्हा सुरू. मला बरं वाटलं. कारण सापडलं होतं. वजन पडलं की पट्ट्या एकमेकींवर घट्ट बसतात, त्यामुळे घासत नाहीत. मी हे भाऊंना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गंगूबाईच्या अंदाजानं ज्वारीचं एक पोतं आणून त्या कोपऱ्यात ठेवलं.

पोतं असताना आवाज आला. मग भाऊंनी पोतं काढलं, स्वतः तिथे बसले आणि मला चालवायला सांगितलं. आवाज नाही.

“पोत्याचं वजन वेगळं पडतं,” मी म्हटलं.

“हां, बाई,” ते म्हणाले. पण त्या दिवसापासून, मागे कुणी नसताना ते मागच्या सीटकडे पाहायचं टाळू लागले. आणि मी... मी मात्र सारखी पाहू लागले.

कामानिमित्त जळगावला जाणं झालं, तेव्हा गाडी तिथल्या एका मिस्त्रींकडे टाकली. मोठा अनुभवी माणूस, कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या गाड्या त्यांच्याकडेच यायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, उगाच एकेक वस्तू बदलून काय होणार? पाटाच खोलू. एकेक पट्टी हातात घेऊन बघू.”

दुपारी मी तिथे गेले, तेव्हा गाडीचं मागचं अंग लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेलं होतं. चाकं काढलेली. डावा पाटा खोलून त्याच्या पट्ट्या जमिनीवर गोणपाटावर ओळीनं मांडलेल्या. मिस्त्री एकेक पट्टी उचलून उजेडात धरत होते. “चीर नाही, झीज नाही. तुमचा पाटा चांगला आहे,” ते म्हणाले.

आणि तेवढ्यात गाडीतून आवाज आला. करर्र... कुईं.

मिस्त्रींच्या हातात पट्टी तशीच राहिली. त्यांचे दोन कारागीर, धुडकूभाऊ, मी — सगळे गाडीकडे वळलो. ज्या पाट्यातून आवाज येतो असं आम्ही इतके दिवस म्हणत होतो, तो आमच्या पायाशी सुटा पडलेला होता. वारा नव्हता, गाडीला कुणाचा हात लागलेला नव्हता. थोड्या वेळानं पुन्हा तोच आवाज आला.

मिस्त्रींनी खाली वाकून ठोकळे तपासले. सीट उचलून खाली उंदीर, मांजर काही आहे का ते पाहिलं. मग सीट जागेवर ठेवून स्वतः डाव्या कोपऱ्यात जाऊन बसले. आवाज थांबला. बराच वेळ ते तसेच बसून राहिले. शेवटी उतरले, जमिनीवर पाय टेकतात न टेकतात तोच मागे कुईं झालं.

“मी पाटा जोडून देतो,” ते हळूच म्हणाले, “पण हे काम माझं नाही.”

मी त्याच संध्याकाळी वकिलांच्या घरी गेले. काहीतरी निमित्त काढून विचारलं, या गाडीत पूर्वी घरातल्या बायका बसायच्या का? कुणी आजारी माणूस नेलं होतं का? ते म्हणाले, कोर्टात जाण्यायेण्यापलीकडे गाडी कधी वापरलीच नाही, आणि नवीकोरी असल्यापासून ती त्यांच्याकडेच होती. म्हणजे तोही धागा तुटला.

मी गाडी विकून टाकायचं ठरवलं होतं. पण गिऱ्हाईक मिळायच्या आतच बोरीकाठच्या एका गावाहून निरोप आला. यमुना नावाची पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून अडलेली. गंगूबाई रजेवर होती. मी आणि धुडकूभाऊ दोघंच निघालो. जाताना सगळी वाट तो आवाज मागे चालूच होता. मी बॅग मांडीवर उघडून सामान पुन्हा पुन्हा तपासत होते. अडलेल्या बाईची काळजी की आवाजाची भीती, ते माझं मलाच कळत नव्हतं.

दुपारपर्यंत चिमटे लावून बाळ सोडवलं. मुलगी झाली, रडली. यमुना मात्र पांढरी पडली होती आणि बरेच टाके घालायचे होते. त्या अंधाऱ्या खोलीत ते जमणारं नव्हतं, म्हणून तिला धुळ्याला न्यायचं ठरवलं. मागच्या सीटवर तिला आडवं निजवलं. डोकं उजवीकडे आणि पाय डाव्या कोपऱ्यात बसलेल्या तिच्या सासूच्या, बायजाअक्काच्या मांडीवर. वरून जाड गोधडी. नवरा बैलगाडीनं मागून येणार होता. मी पुढे भाऊंच्या शेजारी, बाळाला दोन्ही हातांनी छातीशी धरून.

कोपऱ्यात अक्का असल्यामुळे आवाज नव्हता. मी मधून मधून विचारत होते, “यमुना, बरं वाटतं ना?” ती हूं म्हणायची. ऊन उतरायला लागलं होतं. मुकटी मागे पडलं आणि एकाएकी माझ्या पाठीमागे — करर्र... कुईं.

कोपऱ्यात माणूस असताना हा आवाज कधीच आला नव्हता, एकदाही नाही. “भाऊ, गाडी थांबवा,” मी म्हटलं. त्यांनीही ऐकलं होतं. मी सांगायच्या आधीच त्यांचा पाय ब्रेकवर होता.

मागे वळून पाहिलं तर अक्का सीटवर नव्हती. ती खाली, पायाशी, अंग चोरून बसली होती. कोपऱ्यात बसलेलं कुणी नाही. “अक्का, खाली कशाला बसलात?” असं मी म्हणणार होते, पण माझी नजर सीटच्या कडेला गेली. इतका वेळ अक्काच्या लुगड्यानं झाकलेली ती कड आता उघडी पडली होती आणि तिथून रक्त ठिबकत होतं. गोधडी वर केली. खाली सगळं भिजलेलं. यमुनाला हाक मारली तर आता ती हूंसुद्धा म्हणेना.

बाळ भाऊंच्या हातात दिलं. पुढचं सगळं त्या रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या आडोशाला केलं. पोट चोळलं, रक्त थांबवणारं अर्गटचं इंजेक्शन दिलं, मूठ आवळून दाब दिला. नाडी हाताला लागत नव्हती. फार वेळानं रक्त थांबलं आणि नाडी दोऱ्यासारखी परत आली. तशीच पुढे निघाले असते, तर धुळ्याला मी तिचं प्रेत उतरवलं असतं. हे मी डॉक्टर म्हणून सांगते.

यमुना वाचली. ती उठून बसायला लागली, तेव्हा एका सकाळी अक्का दवाखान्याच्या ओसरीवर नातीला घेऊन ऊन खात बसली होती. मी शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, “अक्का, त्या दिवशी गाडीत तुम्ही सीटवरून खाली का उतरलात?”

अक्कानं माझ्याकडे नवलानं पाहिलं. “तुम्हीनच ते सांगं ना, बाई.”

“मी?”

“मना खांदाले हात लावा. म्हने, सरक माय, माले बसू दे. बाईमानूसना आवाज. माले वाटनं तुम्हीच शेतस, तिले देखाले मांगे येतस. म्हनीसन मी खाले बसनी.”

माझे दोन्ही हात बाळात गुंतलेले होते. अक्काच्या खांद्याला मी हात लावला नव्हता, सरकायलाही सांगितलं नव्हतं. भाऊंना विचारलं तर त्यांनी आवाज ऐकला होता तो फक्त पाट्याचा. बाईमाणसाचा नाही. अक्काला मी हे सांगून घाबरवलं नाही. तिच्या मांडीवर मूल होतं.

मी खूप विचार केला. म्हाताऱ्या बाईला रात्रभराच्या जागरणानं झापड आली असेल, भास झाला असेल. चालेल. पण मग मिस्त्रींच्या अंगणात सुटा पडलेला पाटा? त्याचं काय करायचं? एकाला उत्तर शोधलं की दुसरं तसंच राहतं.

गाडी मी विकली नाही. आता पेट्रोलला कुपनं लागतात, त्यामुळे फार फिरत नाही, पण अडलेली बाई असली की निघावंच लागतं. त्या दिवसापासून तो आवाज एकदाही आलेला नाही. मागे कुणी असो वा नसो, पाटे गुपचूप असतात. येताना मागे पेशंट असली, तर मी मधेच भाऊंना गाडी थांबवायला सांगते. मी उतरते, मागचं दार उघडते, गोधडी वर करून नीट पाहते, आणि मग आम्ही पुढे निघतो.