गीतांजलीची तब्येत

प्रेमानंद गजभिये यांची सगळी नोकरी भिलाई स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये गेली. तिथं कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांच्या माथ्यावर चालताना लाकडी तळाचे बूट घालावे लागतात, साधे टिकत नाहीत. रिटायर होऊन मरोद्याच्या स्वतःच्या घरात राहायला आल्यावरही ते जमिनीवर पाय जपूनच टाकत. जमीन थंड आहे, हे त्यांना रोज सकाळी नव्यानं पटवून घ्यावं लागे.

त्यांच्या अंगणात एक मेंढी होती. मेंढी एका खासगी दवाखान्याच्या लॅबची, दावं त्यांचं.

लॅबला मेंढी लागते ती रक्तासाठी. रोग्याच्या घशातला, जखमेतला किंवा रक्तातला जंतू ओळखायचा तर तो आधी वाढवावा लागतो. त्यासाठी चपट्या गोल प्लेटमध्ये जेलीसारखा थर जमवतात आणि त्यात थोडं रक्त मिसळतात. बऱ्याच जंतूंना मेंढीचं रक्त मानवतं. मोठ्या लॅब तयार प्लेटा मागवतात. ही लॅब घरच्या घरी बनवायची. मेंढी पूर्वी दवाखान्याच्या मागच्या आवारात बांधलेली असे, पण ती पाहून रोग्यांच्या नातेवाइकांमध्ये कॅन्टीनच्या जेवणाबद्दल गैरसमज पसरला. लॅबमधला टेक्निशियन सोनू प्रेमानंदांच्या गल्लीत राहायचा. त्यानं विचारलं, आणि प्रेमानंदांनी अंगण दिलं.

ही मेंढी, अंगणातली दुसरी, आली त्या दिवशी त्यांची बायको भागीरथाबाई नागपूरहून गीतांजली एक्सप्रेसनं परत येत होती. गाडी लेट होती. मेंढीनंही फाटकापासून अंगणापर्यंत यायला अख्खी दुपार घेतली. नाव त्यावरून पडलं.

दर पंधरवड्याला सोनू काचेचे मणी घातलेली बाटली घेऊन यायचा. मानेच्या शिरेतून रक्त काढून बाटलीत घेतलं की ती हलक्या हातानं फिरवत राहावी लागते, म्हणजे रक्ताचे धागे मण्यांना गुंडाळतात आणि बाकीचं रक्त पातळ राहतं. हे काम प्रेमानंदांचं. ते ओट्यावर बसून, डोळे मिटून, बाटली एका लयीत फिरवत. आतले मणी पावसाच्या बारीक सरीसारखे वाजत. मग सोनू विचारायचा, "कैसी है गीतांजली?"

"फर्स्ट क्लास."

हे उत्तर ठरलेलं होतं, आणि त्याला कारण होतं. गीतांजलीच्या आधीच्या मेंढीच्या वेळी त्यांनी एकदा खरं सांगितलं होतं, की दोन दिवस अंग गरम लागतंय. लॅबचा नियम साधा होता: आजारी जनावराचं रक्त नको. लॅबनं दुसरी मेंढी आणली आणि ती पहिली, मेंढ्या शेवटी जिथं जातात, तिथं गेली. प्रेमानंदांनी त्या हिवाळ्यात मटण खाल्लं नाही. तेव्हापासून मेंढीची तब्येत हा विषय त्यांच्यापुरता कायमचा मिटला होता.

यंदा पोळ्याच्या सुमारास गीतांजली लंगडायला लागली. अंगणात महिनाभर चिखल होता. प्रेमानंदांनी जामुलहून भय्याजींना बोलावलं. भय्याजी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. रिटायर झाल्यावरही त्यांची बॅग रिटायर झाली नव्हती.

"खूर सडून राहिलं," भय्याजी म्हणाले. "पेनिसिलीन द्या लागते. चार-पाच दिवस मीच येतो."

"लॅबवाल्यायले सांगा लागते का?"

"तुमची मर्जी. मेंढी तं काही सांगत नाही."

प्रेमानंदांनीही सांगितलं नाही. खूर थोडं सुधारलं, पुन्हा चिघळलं, पुन्हा इंजेक्शनं झाली. मधल्या काळात सोनू आला, बाटली भरली, मणी वाजले. फर्स्ट क्लास.

याच दिवसांत भागीरथाबाईंनी एक दाढ काढून घेतली होती. त्यानंतर त्यांना ताप येऊ लागला. फार नाही, संध्याकाळी थोडा, घाम आला की उतरायचा. आठवडे गेले तसं त्या जिना चढताना धापा टाकू लागल्या आणि पोळी लाटताना मध्येच बसू लागल्या. लहानपणच्या एका तापानं त्यांच्या हृदयाची एक झडप जाड झालेली होती. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की त्या झडपेवर जंतू बसलेत असं दिसतंय. आधी रक्ताचे नमुने घेतले आणि मग जोरदार औषध सुरू केलं. जोरदार औषधानं किडनीवर जोर दाखवला. ते थांबवावं लागलं. आता जंतू कोणता आणि त्याला कोणतं सौम्य औषध चालेल, हे लॅबनं सांगायचं, आणि झडप फाटायच्या आत सांगायचं. मोठे डॉक्टर रोज लॅबला फोन करत होते.

दवाखाना तोच होता. लॅब तीच होती.

लॅबच्या डॉक्टर प्रेरणा नागपूरच्या. जंतुशास्त्रात नुकत्याच एमडी झालेल्या. भागीरथाबाईंच्या रक्ताच्या बाटल्या गढूळ झाल्या, म्हणजे आत जंतू होते. सूक्ष्मदर्शकाखाली ते माळेसारखे एकामागे एक दिसतही होते. पण प्लेटवर पसरले की काही उगवत नव्हतं. प्रेरणा मॅडमनी नवे शोधनिबंध वाचले. काही जंतू लाडावलेले असतात, त्यांना जेवणात एक खास जीवनसत्त्व लागतं, असं त्यांत होतं. त्यांनी ते मागवून प्लेटमध्ये घातलं. तरी काही नाही. त्या आठवड्यात घशाचे नमुनेही एकजात स्वच्छ निघत होते. भिलाईकरांचे घसे इतके चांगले कधीच नव्हते. प्लेटा नीट आहेत का हे पाहण्यासाठी लॅबमध्ये मुद्दाम जपून ठेवलेले जंतूसुद्धा उगवले नाहीत, तेव्हा फ्रिज बिघडला असेल म्हणून फ्रिजवाल्याला बोलावण्यात आलं.

"काका," प्रेरणा मॅडम प्रेमानंदांना म्हणाल्या, "काकूंचा जंतू दुर्मिळ दिसतोय. मी यावर पेपर लिहिणार आहे."

"पण ही बरी होईन ना, मॅडम?"

"आधी कळू दे कोण आहे तो. तोंडात राहणाऱ्या जंतूंपैकी असावा. दाढ काढली तेव्हा रक्तात गेला असेल."

पलंगावरून भागीरथाबाईंनी डोळे उघडले. "माह्या तोंडातला?"

"मले वाटलंच," प्रेमानंद म्हणाले.

"तुमच्या तोंडातला असता तं आतापर्यंत पूर्ण मरोद्याले झाला असता."

रविवारी विहारात वंदना झाल्यावर लोकांनी विचारपूस केली. भागीरथाचा जंतू पुस्तकातही नीट नाही, असं प्रेमानंदांनी सांगितलं. सांगताना आवाजात थोडा मान होता. घरी येऊन ते ओट्यावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. गीतांजली तीन पायांवर उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.

मंगळवारी प्रेरणा मॅडम पुन्हा रक्त घ्यायला वॉर्डात आल्या. नमुना दूरच्या मोठ्या लॅबला पाठवायचं ठरलं होतं. उत्तर यायला आठ-दहा दिवस लागणार होते. इतके दिवस आहेत का, असं प्रेमानंदांनी मोठ्या डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टरांनी चष्मा पुसला होता.

प्रेमानंद मोसंबी सोलत होते. भागीरथाबाई डोळे मिटून म्हणाल्या, "अजी, गीतांजली पाय टेकवते का?"

"टेकवते. तू झोप."

"भय्याजीनं इंजेक्शन बंद केलं, का चालूच आहे?"

प्रेरणा मॅडमचा हात थांबला. सुई अजून टोचलेली नव्हती.

"कसलं इंजेक्शन?"

प्रेमानंदांनी मोसंबीची एक फोड सोलली. मग तिची बारीक पांढरी साल काढली. "ताकदीचं," ते म्हणाले.

मॅडमनी मान हलवली, रक्त घेतलं, बाटलीवर नाव लिहिलं आणि निघाल्या. प्रेमानंदांच्या नजरेसमोरून मात्र तो थांबलेला हात जाईना. भट्टीवर साहेबाचा हात असा मधेच थांबला की खालच्या माणसानं काही विचारायचं नसतं, बाजूला व्हायचं असतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या गळ्याच्या खळग्यात एक शीर भराभर उडत होती. मोसंबी तिच्या उशाशी ठेवून ते उठले.

कॉरिडॉरमध्ये त्यांनी मॅडमना गाठलं. "मॅडम, ते ताकदीचं नव्हतं."

"मग?"

"पेनिसिलीन होतं. पोळ्यापासून चालू आहे. खूर सडलं होतं तिचं."

प्रेरणा मॅडम भिंतीला टेकल्या. भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं चित्र होतं. त्यांनी ते सगळं बघून घेतलं.

"काका, सोनू दर वेळी विचारतो तुम्हाला. तुम्ही फर्स्ट क्लास म्हणता."

"होतीच मॅडम फर्स्ट क्लास. खूर सोडून."

"तिच्या रक्तात औषध होतं. ते रक्त आम्ही प्लेटमध्ये घातलं. त्यावर जंतू कसा उगवेल?"

प्रेमानंदांना हे कळायला वेळ लागला नाही. बाटली त्यांनीच फिरवली होती. "म्हंजे भागीरथाचा जंतू माह्याच अंगणापायी लपून राहिला?" ते म्हणाले. मग त्यांनी दुसरं विचारलं. "तिले विकान का आता?"

मॅडम लॅबकडे निघाल्या होत्या. आधी चालत आणि मग पळत.

रायपूरहून तयार प्लेटा त्याच दिवशी आल्या. दुसऱ्या दिवशी मॅडमनी प्रेमानंदांना लॅबच्या दारात बोलावून दोन प्लेटा दाखवल्या. डावीकडची गीतांजलीची: लाल, नितळ, रिकामी. उजवीकडची रायपूरची. तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे थेंब उगवले होते आणि प्रत्येक थेंबाभोवती एक हिरवट वलय होतं. खाचरात भाताचं रोप दिसू लागतं तेव्हा पाण्यावर अशीच हिरवी झाक येते. प्रेमानंदांनी वाकून पाहिलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच तो त्यांच्यासमोर आला होता. नमस्कार करावा की शिवी द्यावी, हे त्यांना ठरवता आलं नाही.

"दुर्मिळ आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. अगदी साधा आहे. सगळ्यांच्या तोंडात असतो." मॅडमचा आवाज जरा उतरला होता. "आणि पेनिसिलीननं मरतो. म्हणूनच तर उगवत नव्हता. उत्तर गीतांजलीच्या प्लेटवर आधीपासूनच होतं, काका. आम्हाला वाचता आलं नाही."

त्या दुपारी प्रेरणा मॅडमनी स्वच्छ घशांच्या सगळ्या लोकांना एकेक करून फोन केला आणि पुन्हा यायला सांगितलं. फ्रिजवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं.

वॉर्डात इंजेक्शनाची तयारी झाली. नर्सनं विचारलं, "घर में किसी को पेनिसिलिन से रिएक्शन हुआ है?"

"एक झन ला दे रहेन," प्रेमानंद म्हणाले, म्हणजे एकाला दिलं होतं. छत्तीसगढी बोलायला लागले की ते आपोआप नम्र होत. "कुछु नइ होइस."

"कोन ला?"

"मेंढी ला."

नर्सनं प्रेरणा मॅडमकडे पाहिलं. "लिख दूँ?"

"नको," मॅडम म्हणाल्या.

भागीरथाबाईंनी सगळं ऐकलं होतं. "म्हंजे मेंढीले देल्लं तेच मले?"

"तेच," प्रेमानंद म्हणाले. "पण तुले जास्त."

"अन् जंतू साधाच निघाला?"

"साधाच."

"विहारात सांगून आले ना तुमी, पुस्तकातही नाही म्हणून? आता जा अन् सांगा."

ताप चौथ्या संध्याकाळी आला नाही. पाचव्या संध्याकाळीही नाही. मग त्याची वाट बघणं हळूहळू बंद झालं. इंजेक्शनांचे आठवडे संपवून भागीरथाबाई घरी आल्या तेव्हा अंगणातला चिखल वाळून त्यात मेंढीच्या खुरांचे ठसे पक्के झाले होते. चार पायांचे होते. प्रेमानंदांनी ते मोडले नाहीत.

गीतांजलीला विकायचं की नाही, यावर लॅबमध्ये काही निर्णय झाला नाही. औषध अंगातून निघेपर्यंत तिला सुट्टी देण्यात आली. प्रेमानंद त्याला सिक लीव्ह म्हणत. प्रेरणा मॅडमनी पेपर लिहिला, पण वेगळा. रायपूरच्या एका बैठकीत त्यांनी तो वाचला. त्यात एका जनावराचा उल्लेख होता, नाव नव्हतं. प्रेमानंदांनी सोनूकडून हे ऐकलं आणि नाव घालायला हरकत नव्हती असं म्हणाले.

सुट्टी संपली त्या सोमवारी सोनू आला. हातात बाटली, बाटलीत मणी. त्यानं गीतांजलीच्या मानेवरून हात फिरवला आणि सवयीनं विचारलं, "कैसी है?"

प्रेमानंदांनी तोंड उघडलं. दारात भागीरथाबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण तांदूळ निवडायच्या थांबल्या.

"कालपासून मागचा पाय पुन्हा आखडून राहिली," प्रेमानंद म्हणाले. "भय्याजीले बोलावलं आहे. तो सुई देईन. रक्त नको घेऊ."

सोनूनं थोडा वेळ मेंढीकडे पाहिलं. मग फोन लावून तो फाटकाबाहेर गेला. बोलणं ऐकू येत नव्हतं. आत येऊन त्यानं बाटली पिशवीत घातली. रिकाम्या बाटलीत मण्यांचा आवाज मोठा येतो.

"मैडम बोलीं, ठीक है," तो म्हणाला. "अच्छी हो जाए तो खबर करना."

"और कुछ?"

"बोलीं, खबर सच्ची करना."

सोनू गेला. प्रेमानंद ओट्यावर बसले. फिरवायला काही नव्हतं, म्हणून हात मांडीवर ठेवले.

"सांगतलं?" दारातून भागीरथाबाई म्हणाल्या.

"तूनं ऐकलं ना."

"ऐकलं. विचारून राहिली."

"सांगतलं."

सुपात तांदूळ पुन्हा हलू लागले. गीतांजलीनं दुखरा पाय उचलला, जमिनीवर टेकवून पाहिला आणि परत उचलला.