सातोमी मारूच्या तोफा

“तोफा अजून दणकट दाखव,” ज्युडिथ स्क्रीनवर बोट ठेवत म्हणाली. “आत्ता नुसत्या पेट्या वाटतायत.”

त्या पेट्याच आहेत, असं माझं मत होतं.

मी मूळची पुण्याची, मेकॅनिकल इंजिनिअर. ऑकलंडमध्ये, अल्बनीतल्या एका छोट्या कंपनीत म्युझियमसाठी थ्रीडी मॉडेल्स बनवते. ज्युडिथ आमची क्लायंट, एका लहानशा म्युझियमची प्रमुख. तिला ‘सातोमी मारू’ हवी होती. जपानी मालवाहू जहाजांच्या नावापुढे ‘मारू’ लावायची पद्धत आहे. ही बोट आधी लाकूड न्यायची. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने ती ताब्यात घेतली आणि लाकडाच्या जागी सैनिक भरले. पुढे टॉर्पेडो लागून ती बुडाली.

आमच्याकडे एकच धूसर फोटो होता. त्यात डेकच्या कठड्याबाहेर लाकडी खोपट्यांची रांग दिसत होती. ज्युडिथच्या मते आत तोफा लपवल्या होत्या.

पण तोफ उडाली की मागे धक्का देते. तिच्याखाली भक्कम आधार लागतो. ही खोपटी तर समुद्रावर लोंबकळत होती. पहिल्याच गोळ्याला तोफ पाण्यात गेली असती. शिवाय प्रत्येकाखालून एक पन्हळ खाली उतरत होती. होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या तळाच्या भागात, मी फळ्यांवर दाटीवाटीने सैनिक झोपवत होते. तेव्हा डोक्यात आलं, एवढी माणसं सकाळी जात कुठे असतील?

मी आमच्या बॉसला, ग्रेगला सांगितलं, “हे संडास आहेत.”

“पुरावा?”

“पन्हळ.”

“क्लायंट तोफा म्हणतेय ना? मग तोफा कर. स्वीट अ‍ॅज.” म्हणजे इथल्या भाषेत, झकास, विषय संपला.

मी तोफा केल्या. पण राहवेना, म्हणून संडासांचं व्हर्जनही गुपचूप करून ठेवलं.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला जपानहून नोरिको-सान, म्हणजे नोरिकोबाई, आल्या. वय ऐंशीच्या आसपास. त्यांचे वडील त्या बोटीवर आचारी होते. ज्युडिथने त्यांना हात धरून मोठ्या स्क्रीनपाशी नेलं आणि गंभीर आवाजात म्हणाली, “इथे उभं राहून त्या शूर माणसांनी शेवटपर्यंत झुंज दिली.”

नोरिको-सान चष्मा सावरून पुढे वाकल्या. तोंडावर हात गेला. खांदे हलायला लागले. कुणीतरी टिश्यू पुढे केला. ग्रेगने मान खाली घातली.

त्या हसत होत्या.

“इथे तोफा नव्हत्या,” त्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. “संडास होते. पण शूर म्हणालात ते बरोबर. वादळात तिथे जायला सगळ्यात जास्त हिंमत लागायची, असं वडील सांगायचे.”

ज्युडिथ लालबुंद झाली. ग्रेग माझ्या कानात कुजबुजला, “ते संडासांचं काही केलंयस का?”

मी लॅपटॉप उघडला. तोफा गेल्या, संडास आले. नोरिको-सान पुन्हा स्क्रीनजवळ वाकल्या. म्हणाल्या, “वडील वाचले, पण बोट बुडाली तेव्हाचं त्यांनी कधीच सांगितलं नाही. विचारलं की हीच गोष्ट सांगायचे.”



ज्युडिथने स्क्रीनशेजारचा माहितीफलक बदलला. आता शाळेची पोरं टॉर्पेडोच्या फलकापाशी क्षणभर थांबतात आणि संडासांपाशी मात्र रांग लावून नीट वाचतात. आमच्या धंद्यात माणसाला रोज काय लागतं ते आधी बघावं. शौर्य मग दाखवता येतं.