आठवा बोकड

“मग ही बाई कोण?” साहेबांनी विचारलं.

वाशीमच्या पोलीस कार्यालयातली खोली. टेबलावर दोन कागद होते. एक सुनेचा पासपोर्ट, दुसरा आमच्या ग्रामपंचायतीनं दिलेला लग्नाचा दाखला. पासपोर्टवर एक नाव, दाखल्यावर दुसरंच. समोर सून उभी, बाजूला मान खाली घालून तिचा नवरा, मागं त्याची आई, आणि मी. मी त्यांची शेजारीण. चौथी शिकलेली, म्हणून वाचायला सोबत नेलेली.

“ही माही सून हाय,” नवऱ्याची आई म्हणाली. “म्या सांगतलं ना.”

“आजी, तुम्ही सांगून भागत नाही. कागद म्हणतो, तुमच्या मुलाचं लग्न दुसऱ्याच बाईशी झालंय. हिचा पर्यटक व्हिसा अकरा दिवसांत संपतो. त्यानंतर हिला इथं राहता येणार नाही.”

म्हातारीनं कमरेचा बटवा काढला, उघडला, पुन्हा मिटला. पैसे काढायचे नव्हते. हाताला काहीतरी काम पाहिजे होतं. मग म्हणाली, “लिहा सायेब. चूक माही. नाव म्याच बदललं.”

‘म्या सांगतलं ना’ हे मी तिच्या तोंडून चाळीस वर्षं ऐकत आले होते. त्यानंतर ते कधी ऐकलं नाही.

आमचं गाव मेडशीपासून जवळ. माझी चक्की आणि तिचं घर यांच्यात एकच भिंत. ती काही गोड स्वभावाची बाई नव्हती. माझ्याकडून दळण नेताना पीठ घरी पुन्हा मोजायची आणि मूठभर कमी भरलं तर भिंतीपलीकडून ओरडायची. अशी एखादी तुमच्याही गल्लीत असेल, जिच्याशी रोज भांडण आणि जिच्याशिवाय करमतही नाही.

तिचा मुलगा आखातात एका हॉटेलात स्वयंपाकी होता. तिथंच चादरींना इस्त्री करणारी एक मुलगी त्याला भेटली. बाली नावाच्या बेटावरची. गाव तिला ‘बेटावरची’ म्हणू लागलं. तिकडंही देवाला फुलं वाहतात, दारात नैवेद्य ठेवतात, हे ऐकून म्हातारी खूश झाली आणि लग्न आपल्या रीतीनं लावलं.

आपल्या रीतीनं म्हणजे ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात सुनेचं नवं नाव लिहिलं. नाव सासूनं ठरवलेलं. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकाकडं नोंद करायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “काकू, पासपोर्टवर वेगळं नाव आहे.”

“ते माहेरचं. माहेरचं नाव सासरी कोणाचं राह्यलं? माहं राह्यलं? हिचं राह्यलं?” तिनं माझ्याकडं बोट केलं. “आता ताटातलंच नाव लिहा. म्या सांगतलं ना.”

त्यानं लिहिलं. मीही तिथं होते आणि मलाही त्यात काही चूक दिसली नाही. माझंही नाव असंच पुसलं गेलं होतं. ज्या बायांची नावं अशी गेली, त्यांना कागद मध्ये येईल हे कसं सुचणार?

तर अकरा दिवस. दाखला दुरुस्त करायला त्याहून जास्त वेळ लागणार होता. सुनेनं परत जायचं, खऱ्या नावाचे कागद तयार झाले की बायकोच्या व्हिसावर यायचं, असं वकिलानं सांगितलं. तिकिटं, मुंबईची खेप, प्रतिज्ञापत्रं, तिकडच्या जन्मदाखल्याचं भाषांतर, असा सगळा खर्च त्यानं एका कागदावर उतरवून दिला. मी वाचत गेले. म्हातारीनं ऐकता ऐकता गळ्यातली सोन्याची पोत काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

“हे काय?”

“तू वाच पुढं.”

सून गेली. गावाला विषय मिळाला. “गेली ते गेली, आता कायले येते?” असं लोक चक्कीत उभं राहून म्हणायचे, भिंतीपलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

म्हातारी तेव्हा रोज दुपारी चक्कीत येऊन बसायची आणि सुनेचं पासपोर्टवरचं नाव घोकायची. ते तिच्या तोंडात बसेना. चक्की चालू असली की मोठ्यानं म्हणायची, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये. पट्टा थांबला की तिचा आवाज एकदम उघडा पडायचा आणि दळणाला आलेल्या बाया हसायच्या.

“हसा. तुमच्या सुनांची नावं पुसा तुमी. माही येऊन राह्यली.”

चार महिन्यांनी सून आली. मेडशीच्या स्टँडवर बसमधून उतरली तेव्हा म्हातारीनं पासपोर्टवरचं नाव घेऊन हाक मारली. अर्धं चुकलं. सून भर रस्त्यात रडायला लागली. मी बॅगा उचलल्या, कारण कुणीतरी उचलायला पाहिजे होत्या.

मग पुढचा हिशोब आला. वकील म्हणाला, सात वर्षं इथं राहिली की ती भारताची नागरिक व्हायचा अर्ज करू शकते. तोवर व्हिसा वाढवत राहायचा, पोलिसांकडं नोंद ठेवायची. आणि अर्जाच्या आधीचं शेवटचं वर्ष देशाबाहेर पाय ठेवायचा नाही. नाहीतर ते वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

म्हातारीला आकडे येत नव्हते, बकऱ्या येत होत्या. तिनं दोन बकऱ्या पाळल्या आणि ठरवलं, वर्षाला एक बोकड कागदांसाठी. मुलगा हायवेवरच्या धाब्यावर स्वयंपाक करायचा, त्यात घर चालायचं. कागद बोकडावर. पहिला बोकड, दुसरा बोकड, अशीच त्यांची नावं. सून आणि ती मिळून चारा आणायच्या. सुनेचं मराठी त्या बकऱ्यांमागं फिरतानाच तयार झालं, त्यामुळं तिला शिव्या आधी आल्या.

चौथ्या वर्षी आखाडात दीर आला. म्हातारीचा धाकटा दीर, खाण्याचा शौकीन. बोकडाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, “वहिनी, भरला हो चांगला. या आखाडीले होऊन जाऊ द्या.”

“याले हात नाही लावाचा. हा चौथा हाय.”

“चौथा म्हंजे?”

“शिक्क्याचा.”

“म्हंजे सायेब मटण खाते का तिथं?”

“सायेब पाणीबी नाही पीत आपल्या हातचं. शिक्काच खाते बोकड.”

दीर वांग्याची भाजी खाऊन गेला. जाताना मला म्हणाला, “वहिनी येडी झाली. परक्या पोरीपायी आखाडी कोरडी घालवते.”

ती बदलली होती खरी. आता कुठल्याही गोष्टीवर तिचा एकच प्रश्न असायचा, “कागद काय म्हणते?” बियाण्याची पिशवी, विजेचं बिल, मधल्या काळात झालेल्या नातवाचं लसीचं कार्ड, सगळं माझ्याकडं घेऊन यायची. एकदा मी चिडून म्हटलं, “तुझ्या सुनेले विचार, ते शिकली आता वाचायले.” तर म्हणाली, “तिले इचारलं. तुले खातरी कराले इचारून राह्यली.”

एक दिवस सुनेनं तिला विचारलं, “आई, तुमचं माहेरचं नाव काय?”

मी भिंतीच्या अलीकडं दळण चाळत होते. पलीकडं चारा टाकल्याचा आवाज आला. मग म्हातारीनं नाव सांगितलं आणि स्वतःच हसत सुटली. चाळीस वर्षांची शेजारीण मी, मलाही ते माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. ते नाव इथं लिहीत नाही. तिनं ते सुनेला सांगितलं होतं, मला नाही.

सातवं वर्ष. बाहेर पाय न ठेवायचं वर्ष. त्यातले सहा महिने झाले आणि बेटावरून फोन आला, सुनेची आई अंथरुणाला खिळली आहे, फार दिवस नाहीत. सून फोन ठेवून कामाला लागली. ज्वारी निवडत बसली. निवडलेलीच पुन्हा निवडत होती.

म्हातारी माझ्याकडं आली. “कागद काय म्हणते?”

“तुले माहीत हाय काय म्हणते. गेली तं वरीस बुडते.”

ती दारातच उभी राहिली. मग म्हणाली, “कागदाले माय नाही.”

घरी जाऊन तिनं सुनेच्या हातातलं सूप काढून घेतलं. “ऊठ. जा.”

“आई, वरीस...”

“आठवा करू. जा म्हंते ना!”

तिकिटापायी सातवा बोकड गेला, दोन्ही बकऱ्या गेल्या. मागं एक पिल्लू राहिलं, दूध सुटलेलं, हडकुळं. तोच आठवा. तो टिकेल असं मला वाटत नव्हतं आणि मी तसं बोललेही.

सुनेला आईजवळ नऊ दिवस मिळाले. महिन्याभरात ती परत आली. गाव पुन्हा म्हणत होतं, आता काही येत नाही. म्हातारी तेव्हा त्यांच्याशी भांडलीसुद्धा नाही.

वर्ष पहिल्यापासून सुरू झालं. आठ महिने गेले आणि म्हातारीचं पोट दुखायला लागलं. अकोल्याच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन बोलला. तिनं मला खुणावलं.

“कागद काय म्हणते?”

खोटं बोलायला मला जमत नाही. त्या वयात तिलाही ते चाललं नसतं. “कागद म्हणते, घरी चाल.”

“मंग बरं. आठव्याचे महिने किती राह्यले?”

“चार.”

तिनं बोटांवर मोजलं. “मी नाही पुरत,” म्हणाली. जसं पीठ पुरत नाही म्हणावं तसं. मग म्हणाली, “माह्या तेरवीले त्याले इकू नका.”

ती दीड महिन्यात गेली.

चौथ्या दिवशी दीर आला. तेरवीला गाव जेवू घालायचं होतं आणि घरात पैसे नव्हते. तो सरळ गोठ्यात गेला आणि बोकडाचं दावं सोडलं. तो हडकुळा बोकड आता चांगला भरला होता. सून तव्यावरची भाकर टाकून धावली आणि दोन्ही हातांनी दावं धरलं.

“काका, सोडा.”

“अवं, तुह्याच सासूची तेरवी हाय. लोक काय म्हणतीन?”

“लोक म्हणू द्या. आठवा हाय हा. आईनं सांगतलं ना!”

दीरानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, “वरण-भात कर भाऊ. वहिनीच्या हातचं वांगं खाऊन तू जगलास, तं गाव वरण-भातानं मरत नाही.” त्यानं दावं सोडलं. तेरवी वरण-भातावर झाली. लोक बोलले. बोलून घरी गेले.

वर्ष भरलं. आठवा बोकड आमच्या तालुक्याच्या, मालेगावच्या बाजारात गेला आणि अर्ज लागला. मग चौकशी, पोलिसांची खेप, वाट पाहणं. शेवटी एक दिवस बोलावणं आलं. वाशीमला आम्ही तिघं गेलो, सून, तिचा नवरा आणि मी. तिनं शपथ वाचली. थोडी अडखळली. तिचा कागद मी दोनदा वाचला. खरं नाव होतं, पासपोर्टवरचं. ही बाई कोण, असं कुणी विचारलं नाही.

येताना बसमध्ये तिनं बॅगेतून म्हातारीचा बटवा काढला, उघडला, पुन्हा मिटला. मी खिडकीबाहेर पाहिलं. सोयाबीन कापणीला आलं होतं.

भिंतीपलीकडून आता पीठ कमी भरलं म्हणून कुणी ओरडत नाही. मी पूर्वीसारखंच भरते. म्हातारी गेली. बेटावरची आई गेली. सून इथंच राहते.