आखाड्यावरची शेवटची पानं

जालन्याला एस.टी.तून उतरलो तेव्हाच माझा जीव थाऱ्यावर नव्हता. जुनी वर्तमानपत्रं संगणकावर चढवून सगळ्यांना फुकट वाचायला खुली करायची, यासाठी एक संस्था अनुदान देणार होती. अट एकच, अंक पुरे हवेत. अर्जाची मुदत संपत आली होती, आणि जालन्याच्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकाचे सगळे अंक शाबूत आहेत असं मी छातीठोकपणे सांगून बसलो होतो. पाहिले मात्र नव्हते.

संपादक वारले होते. अंक जुन्या जालन्यात, त्यांच्या पुतण्याच्या कापडदुकानाच्या माळ्यावर. गठ्ठे उतरवले, भरपूर शिंकलो, आणि वरचे अंक उघडून पाहिले. चार पानी अंक, पण प्रत्येकाचा मागचा अर्धा भाग कापलेला.

"हे कुणी केलं?"

"काकूनं," पुतण्या कापड मोजता मोजता म्हणाला. "मागं निधनवार्ता राहायच्या ना. मयताचा कागद घरात ठेवत न्हाईत, साहेब. आष्टीला जा जल्दी, काकू तिथंच हाय."

मयताचं पत्र वाचून फाडायचं, हे माझी आईही करायची. पण अख्खं साप्ताहिक! मला रागच आला.

परतूरच्या पुढं काळीपिवळी (भाड्याची जीप) पंक्चर झाली. मी रस्त्यावर येरझारा घालू लागलो. मोसंबी सोलत बसलेली एक बाई म्हणाली, "बसा की भाऊ, तुमच्या चालण्यानं चाक फिरणार हाय का?"

आष्टीला यमुनाकाकूंनी आधी पान वाढलं. गरम भाकरी, ठेचा, वर तेल. कसेबसे चार घास खाल्ले. शेवटी विचारलंच, "काकू, ती पानं फाडली का हो?"

"फाडायचीच असत्यात. पण यांनी इतक्या कष्टानं छापलेलं, माझा हात न्हाई धजला. घरात ठेवता येईना. मंग आखाड्यावर (शेतातल्या कोठ्यावर) नेऊन ठेवली."

मी ताटावरून जवळजवळ उठलोच.

आखाड्यावर पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्याखाली, सगळी पानं होती. सगळ्यात वर शेवटच्या अंकातली, संपादकांच्याच निधनाची बातमी. काकूंनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"यांचं नाव कुणाला बी वाचता येईल?"

"कुणालाही. कुठूनही."

"आन् ते संगणक काय कुणाचं घर न्हाई."

"नाही."

"मंग ठेवा बिनघोर. थांबा, फडक्यात बांधून देते. पण गाठोडं तुमच्या घरात नेऊ नका, भाऊ. लेकराबाळाचं घर हाय."

मी हसून मान डोलावली. निघताना त्यांनी पिशवीभर मोसंबी दिली.

परतीच्या वाटेवर जीव हलका व्हायला हवा होता. अर्ज बचावला होता, अनुदानाची वाट मोकळी होती. तरी मांडीवरचं गाठोडं मी सारखं चाचपत होतो. त्यात इतक्या घरांचं रडणं होतं, आणि ते जगापुढं उघडं करायला मी निघालो होतो. काकूंना तेच हवं होतं, हे आठवून धीर येई आणि पुन्हा जाई.

औरंगाबादेत दिवेलागणीला घरी पोचलो. बायकोनं दार उघडलं. आतून लेक धावत आली, "बाबा, काय आणलं?"

"मोसंबी," म्हणालो, आणि पिशवी तिच्या हाती दिली. मग तसाच मागं फिरलो, गाठोडं स्कूटरच्या डिकीत ठेवून कुलूप लावलं, अंगणातल्या नळावर पाय धुतले आणि मगच उंबरा ओलांडला.