तिच्या वाटणीची प्रार्थना

ठाण्याच्या एका हॉस्पिटलात बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन चाललेलं. मी चहा सोडण्याचा नवस बोललो आणि घाबरून चहाच प्यायला गेलो. परतलो तर शेजारी एक म्हातारे गृहस्थ क्रूसाची जपमाळ घेऊन बसलेले. अर्धी प्रार्थना पुटपुटायचे, बराच वेळ थांबायचे, मग पुढचा मणी सरकवायचे.

"काका, पुढचं आठवत नाही का?"

"आठवतं रे. पण ते हिचं. रोज संध्याकाळी अर्धं मी, अर्धं ही. आत बेशुद्ध आहे."

"मग आज तुम्हीच म्हणा की पूर्ण."

"ती म्हणत असेल आतून. मी कोण मध्ये बोलणारा?"

खिडकीतलं ऊन फरशीवरून हळूहळू सरकत होतं. ते थांबले की मीही श्वास रोखून त्या बाईंच्या आवाजाची वाट पाहू लागलो.