भागीदारीतल्या माय-मासोळ्या

बंगाली दादा पहिल्यांदा आमच्या दारात आला तेव्हा मी त्याला साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. मला वाटलं, हाही बीजवालाच. मासोळीचं बीज विकणाऱ्या व्यापाऱ्यांवर माझा भलता राग. दर पावसाळ्यात ते गाडी घेऊन यायचे, प्लास्टिकच्या पिशव्यांतली बोटभर पिल्लं आमच्या तलावात ओतून जायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या बांधावर, पाळीवर जाऊन बघावं तर अर्धी पिल्लं पोटं वर करून काठाला लागलेली. भांडायला कोणाशी जाणार? गाडी केव्हाच पुढच्या गावाला गेलेली असायची.

आम्ही ढिवर. तलाव साऱ्या गावाचा, त्याचं पाणी शेतकऱ्यांच्या धानाला जातं, पण मासेमारी आमच्या ढिवरांच्या सोसायटीकडे. आमच्या घरचे, म्हणजे माझे मालक, सोसायटीचे अध्यक्ष होते. मी आरमोरीच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. माणूस गिऱ्हाईक आहे की नुसताच भाव विचारणारा, हे मला लांबून कळतं. या माणसाचं मात्र मला काही कळेना. विकायला काही आणलं नव्हतं. घ्यायलाही आला नव्हता.

"बौदी," तो म्हणाला, "मी मुलचेऱ्याकडून आलो. भाऊ हाये का घरी?"

वहिनीला ते लोक बौदी म्हणतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी म्हटलं, "बौदी-फौदी काय नाई. बीज घ्याचं नाई आमाले. मेलेली पिल्लं खूप पाह्यली."

तो हसला. म्हणाला, "म्हणून तर आलो."

त्याचा बाप तिकडून, सरहद्दीपलीकडच्या बंगालातून आलेला. सरकारनं जंगलात जमीन दिली, तिथं त्यांची गावं बसली. हा मात्र इथलाच जन्मलेला. मराठी बोलायचा, हिंदी बोलायचा, आणि मासोळ्यांशी बंगालीत बोलायचा. हो, बोलायचा, मी ऐकलं आहे. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा तळं आणि जमीन मोठ्या भावाकडे गेली. यानं काय मागून घेतलं, तर तळ्यातल्या माय-मासोळ्या. रोहू आणि कतला, लेकरासारख्या वाढवलेल्या, त्यांच्या पोटी बीज घेता येईल इतक्या मोठ्या. आता मासोळ्या होत्या आणि पाणी नव्हतं. आमच्याकडे पाणी होतं आणि बीज नव्हतं.

"माय-मासोळ्या माह्या, तलाव तुमचा," तो आमच्या घरच्यांना म्हणाला. "पावसाळ्यात बीज इथंच काढू. अर्धं तलावात सोडा, अर्धं मी विकतो. बाहेरच्या गाडीची वाट पाहाची गरज नाई."

सोसायटीची बैठक झाली त्यात काय काय ऐकावं लागलं! एक जण म्हणाला, आज मासोळ्या आणून राह्यला, उद्या तलाव घेईन. दुसरा म्हणाला, यायची जात वेगळी, देव वेगळा, हिशोब वेगळा. मी बाहेर दाराशी उभी होते, मला राहवलं नाही. आत तोंड घालून म्हटलं, "अन् व्यापारी कोणच्या जातीचा होता जी? त्यानं मेलेली पिल्लं देली तवा कोणी जात नाई विचारली!" आमच्या घरच्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, पण भागीदारी ठरली. कागद नाही, शिक्का नाही. पाळीवरच्या देवाला नारळ फोडला, आणि त्या नारळाचा तुकडा दादानंही खाल्ला.

हिवाळ्यात त्यानं मासोळ्या आणल्या. पिकअप गाडीत निळे ड्रम, वर ओली पोती, आणि तो स्वतः मागे ड्रमांच्या मधे उभा. एवढ्या लांबून हातानं पाणी हलवत आला होता, मासोळ्यांना श्वास मिळावा म्हणून. उतरला तेव्हा हात आखडले होते, चहाचा कप धरता येईना. मी बशीत ओतून दिला. "बौदी, एकही मेली नाई," एवढंच तीनदा म्हणाला.

तलावाच्या त्या टोकाला एक डोह आहे. तिथं उन्हाळ्यातही पाणी माणसाच्या वर असतं, त्यामुळे त्या अंगाला कोणी जात नाही. मासोळ्या तिथं सोडल्या. मग दादानं बांबूचे खुंट आणि बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्या डोहात चहूकडून रोवल्या. त्यांच्याकडे तशीच रीत. पाण्यात फांद्या दिसल्या की चोर समजतो, इथं जाळं टाकलं तर फाटेल, आणि पुढे जातो. आमच्या घरच्यांना त्यानं एकच गोष्ट बजावली: डोहात काय आहे ते गावात कोणाला सांगू नका. त्यांच्या तळ्यावर पूर्वी चोरी झाली होती, ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. आमच्या घरच्यांनी शब्द दिला, आणि दिलेला शब्द पाळला. बैठकीतल्या माणसांनीही पाळला. आमच्या लोकांच्या पोटात एक गोष्ट राहात नाही, पण ती राहिली. कशी राहिली देव जाणे, आणि त्याच वर्षी काऊन राहिली, हेही देवच जाणे.

दर महिन्याला दादा एसटीनं यायचा, ढेप आणि कोंडा भिजवून गोळे करायचा, डोहात सोडायचा. आमच्याकडे जेवायचा. माझ्या हातचा रस्सा त्याला तिखट लागायचा, नाक पुसत पुसत खायचा आणि परत वाढा म्हणायचा. मी चिडवायची, "दादा, रडत रडत जेवू नका जी, लोकं म्हणतीन ही बाई पाव्हण्याले मारते." त्याची बायको माझ्यासाठी डाळीच्या वड्या पाठवायची. तिला मी कधी पाहिलं नाही. निरोप मात्र जायचे-यायचे. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईची जत्रा भरते, तिला ती दोन दिवस राहायला येणार होती.

आता आमच्या गावची रीत सांगते. मृग लागायच्या आधी, सोसायटीचं शेवटचं जाळं ओढून झालं की एक दिवस तलाव गावासाठी मोकळा. त्या दिवशी कुणबी, तेली, बौद्ध, गोंड, ज्याला वाटेल तो पाण्यात उतरतो. कोणी टोपली घेऊन, कोणी जुनं लुगडं धरून. झिंगे, खवली, चिखलातली मरळ, जे हाती लागेल ते त्याचं. आणि त्या दिवशी ढिवराच्या घरचं कोणी पाण्यात पाय ठेवत नाही. पाळीवर जाऊन उभंसुद्धा राहात नाही. वर्षभर आम्ही खातो. तो एक दिवस गावाचा. कोण काय नेतं ते बघत बसणं हलकटपणाचं समजतात. गावही ते जाणतं. सगळ्यांत चांगली मासोळी आधी आमच्या वस्तीत पाठवतात, मग आपल्या चुली पेटवतात. ही रीत मला फार आवडायची. आजही मला ती चांगलीच वाटते, म्हणून तर जास्त त्रास होतो.

हे दादाला कोणी सांगितलं नव्हतं. मी नंतर आमच्या घरच्यांना विचारलं, "काऊन सांगतलं नाई जी?" ते म्हणाले, "काय सांगाचं त्यात? पोरंसोरं झिंगे नेतात. डोहात कोण जाते?" खरंच होतं. डोहात कधीच कोणी जात नव्हतं. पण त्या वर्षी उन्हाळी धान जास्त लागलं होतं, शेतकऱ्यांनी शेवटचं पाणीही सोडून घेतलं, आणि डोह छातीएवढा झाला होता. आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात ते आलं नाही. दादा तेव्हा त्याच्या गावी गेलेला. बीज काढायला कापडाचा हौद शिवून घ्यायचा होता, मासोळ्यांनी अंडी सोडावी म्हणून त्यांना टोचायचं औषध आणायचं होतं. पाऊस पडला की काम सुरू करणार होता.

त्या दिवशी मी अंगणात बसून मिरच्या निवडत होते. आमच्या घरचे कडुनिंबाखाली जाळं दुरुस्त करत होते. तलावाकडून आरडाओरडा ऐकू येत होता. मधेच मोठा गलका झाला, सगळं गाव एकदम ओरडलं. आमच्या घरचे हसून म्हणाले, "यंदा मरळ मोठी सापडली वाटते." मीही हसले.

थोड्या वेळानं गावातले एक म्हातारे शेतकरी आले. आमच्या पलीकडच्या धानाच्या बांधीवाले, भला माणूस. नखशिखांत चिखल, आणि खांद्यावर हातभर लांब कतला. अंगणात ठेवून म्हणाले, "बाई, हा तुमचा पहिला वाटा. यंदा सोसायटीनं गावाची शान ठेवली बाप्पा! फांद्या टाकून मोठाल्या मासोळ्या गोळा करून ठेवल्या आमच्यासाठी. हे काम कोणी करत नाई."

आमच्याकडे पाण्यात फांद्या टाकायच्या त्या मासोळी गोळा व्हायला. सावलीला येते, आडोशाला बसते, मग धरायची. लहान पोराला हे माहीत असतं. मलाही माहीत होतं, आमच्या घरच्यांनाही माहीत होतं. दादा फांद्या रोवत होता तेव्हा आम्ही दोघं पाळीवर उभे होतो, आणि तो आपल्या रीतीनं करतो आहे, करू दे, म्हणून गप्प बसलो होतो.

आमच्या घरच्यांनी हातातलं जाळं टाकलं. ते उठले आणि पायात काही न घालता पळत सुटले. ढिवर असून, त्या दिवशी, तलावाकडे. म्हातारे भाऊ माझ्याकडे बघत राहिले, "काय झालं बाई? काय चुकलं आमचं?" मी त्यांना काय सांगू? मी म्हटलं, "काई नाई जी. तुमी जा, चूल पेटवा." 

ती कतला अजून तोंड उघडझाप करत होती. मी तिच्यावर पाणी मारलं. स्वयंपाकाच्या मोठ्या गंजात पाणी भरून तिला त्यात घालायला गेले, तर शेपटी बाहेरच राहिली. पोट टच्च फुगलेलं. हात लावला तर आत अंडी दाटलेली समजत होती. हजारो मासोळ्या मी पावशीच्या पात्यावर चिरल्या आहेत, माझा धंदाच तो, पण तिच्यासमोर मी बसून राहिले आणि ती माझ्यासमोर मेली. मग मी मोठ्यानं शिव्या दिल्या. कोणाला दिल्या मला माहीत नाही.

आमच्या घरचे आले ते मान खाली घालून. एकही उरली नव्हती. गल्ल्यांमधून लसूण-कोथिंबिरीचा वास सुटला होता. घरोघर सण.

दादाला फोन करायची आमच्या घरच्यांची हिंमत झाली नाही. "येईन तवा सांगू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो आपणहूनच आला. खांद्यावर शिवलेल्या कापडाचं गाठोडं, हातात औषधाचा थर्मास. आणि वस्तीत पोचायच्या आधीच गावानं त्याला चौकात गाठलं. मासोळ्या त्याच्या होत्या, हे तोवर सोसायटीतल्या कोणाच्या तोंडून गावाला कळलं होतं; पण त्या कशासाठी होत्या, हे नाही कळलं. लोकांना वाटलं, बंगाली दादानं गावाला जेवण दिलं. बायका हात जोडत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "माह्या उमरीत अशी मासोळी नाई खाल्ली रे बाबू. पोटात अंडीच अंडी! देव तुह्यं भलं करो."

मी त्याला घ्यायला धावत गेले होते, ते सारं ऐकत तिथंच उभी राहिले. त्याचा चेहरा पाहायला मला धीर झाला नाही; मी थर्मासकडे बघत होते. त्यानं म्हातारीला विचारलं, "पोटभर खाल्ली न, मावशी?"

"हो रे बाबू."

"बरं झालं," तो म्हणाला.

मग तो तलावावर जाऊन आला. आमच्या घरच्यांनी त्याच्या पायाला हात लावायला वाकून पाहिलं, त्यानं धरून उभं केलं. बोलला काहीच नाही. अरे बाबा, बोल न! शिवी दे, गाठोड्याला लाथ मार, आम्हाला चोर म्हण! मी मनात त्याची विनवणी करत होते. त्यानं भांडण केलं असतं तर मलाही भांडता आलं असतं, आणि भांडून झाल्यावर माणसं पुन्हा बसतात, पुन्हा काहीतरी ठरवतात. समोरचा माणूसच गप्प राहिल्यावर काय करायचं?

जेवायची वेळ झाली. त्या दिवशी घरात मासोळी शिजवणं मला शक्यच नव्हतं. भात आणि वरण केलं, आणि कोरडं होऊ नये म्हणून सुक्या झिंग्यांची चटणी वाटली. त्याला ती आवडायची. ताट समोर ठेवलं. त्यानं चटणी बोटानं उचलून कडेला ठेवली, वरणाची वाटी परत दिली, आणि नुसता भात कालवायला लागला. मीठही घेतलं नाही.

मला वाटलं, रागावला, आमच्या हातचं नको झालं. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "दादा, आमच्यावरचा राग अन्नावर काऊन काढता जी? चटणी तरी घ्या."

"राग नाई, बौदी," तो म्हणाला. ताटातून वर न बघताच बोलला. "आमच्यात घरचं माणूस मेलं का काही दिवस असंच जेवतात."

त्यानं आपला भात पूर्ण संपवला, ताट स्वतः धुतलं, आणि दुपारच्या एसटीनं गेला.